नक्की, की नुसतं वाटतंय?

"म्हणजे तुला येत होतं की!"

हे वाक्य मी गेली दहा-बारा वर्षं ऐकते आहे. लग्नात, बारशाला, शाळेच्या स्टाफरूममध्ये, एकदा तर मिरजेच्या एसटी स्टँडवर एका अनोळखी बाईंकडून. टीव्हीवरच्या एका मराठी प्रश्नमंजूषेत मी गेले होते. हॉट सीटपर्यंत पोहोचले आणि बाराव्या प्रश्नाला खेळ सोडून उठले. खेळ सोडल्यावर सूत्रसंचालक रिवाजाप्रमाणे विचारतात, "उत्तर द्यायचंच असतं, तर काय दिलं असतंत?" मी म्हणाले, "यमुना." उत्तर यमुनाच होतं. साडेबारा लाखांचा प्रश्न होता तो. लोकांच्या मते मी हातातोंडाशी आलेला घास टाकून आले.

मला ते उत्तर येत नव्हतं. वाटत होतं. या दोहोंत केवढं अंतर आहे हे मला अण्णांनी शिकवलं, आणि सामान्य ज्ञानाचं म्हणून जे काही मी शिकले त्यात याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. म्हणून आज हे सविस्तर लिहायला बसले आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, आर. एम. एस.मध्ये सॉर्टर होते. रेल्वे मेल सर्व्हिस. आता ही तीन अक्षरं स्टेशनांवरच्या जुन्या पाट्यांवर तेवढी दिसतात, पण एके काळी रात्रीच्या गाड्यांना टपालाचा एक वेगळा डबा असे. गाडी धावत असताना त्या डब्यात पत्रांची वर्गवारी चाले. मी सात-आठ वर्षांची असताना अण्णांनी मिरज स्टेशनवर मला त्या डब्याच्या दारात उभं केलं होतं. आत जाऊ दिलं नाही, ते नियमात बसत नव्हतं. भिंतभर लाकडी खण, वर पिवळा दिवा, खाली थैल्यांचा ढीग, आणि वितळलेल्या लाखेचा वास. थैलीचं तोंड सुतळीने बांधायचं, गाठीवर लाख ओतायची, वर शिक्का मारायचा. तो वास अण्णांच्या शर्टाला कायम असायचा. सकाळी ते ड्यूटीवरून आले की आई आंघोळीचं पाणी काढायची आणि मी तो शर्ट हुंगत बसायची.

डावीकडे पत्रांची चळत, उजवा हात खणांकडे. पत्ता वाचायचा आणि पत्र खणात टाकायचं. अण्णा खणाकडे बघतसुद्धा नसत, हाताला खण पाठ होते. गाडी वळणावर कलली की पाय जरा फाकवायचे, एवढंच. नोकरीला लागल्यावर टपाल कार्यालयांच्या लांबलचक याद्या त्यांनी पाठ केल्या होत्या. कुठलं गाव कुठल्या थैलीत आणि कुठली थैली कुठल्या स्टेशनवर उतरते, हे सगळं डोक्यात. न पाहिलेल्या हजारो गावांची नावं त्यांना येत. मला वाटायचं, माझ्या वडिलांना सगळा देश माहीत आहे.

पण अण्णांना जास्त अभिमान कशाचा होता, तर एका रिकाम्या खणाचा. सगळ्या सॉर्टरांकडे तसा होता की नाही कोण जाणे, पण अण्णांनी आपल्यापुरता उजवीकडचा खालचा एक कोपरा मोकळा ठेवलेला असे. ज्या पत्त्याबद्दल शंका आहे ते पत्र तिथे. हातातलं काम संपलं की मग शांतपणे ती पत्रं एकेक करून बघायची, यादी काढायची, शेजारच्याला विचारायचं.

"अंदाजाने खणात टाकायचं नाही," ते म्हणायचे. "नऊ वेळा अंदाज बरोबर येतो गं. दहाव्या वेळी कुणाच्या तरी मयताची तार-चिठ्ठी दोन दिवस उशिरा पोचते."

हे ते तत्त्व म्हणून सांगत नसत. एकदा त्यांच्या हातून झालं होतं. पत्ता होता औंधचा. अण्णांनी ते पत्र साताऱ्याच्या औंधकडे पाठवलं, संस्थानवालं औंध. ते होतं पुण्याजवळच्या औंधचं. पत्र फिरून आलं तेव्हा त्यावर चुकीच्या ठिकाणी गेल्याचा शिक्का होता. तो शिक्का त्यांनी मला अक्षरन् अक्षर वर्णन करून सांगितला होता. आत काय लिहिलं होतं हे त्यांना कधीच कळलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं होतं.

आपल्याकडे एका नावाची गावं किती! शिराळा सांगलीत आहे, अमरावतीतही आहे. आष्टा आमच्या वाळव्यात, आष्टी बीडला आणि आष्टी वर्ध्याला. वडगाव आणि पिंपळगाव तर मोजायलाच नकोत. त्यात अक्षर कुणाचं कसं, लिपी कुठली, जिल्हा लिहिलाय की नाही. या सगळ्या गोंधळावर ज्यांनी तोडगा काढला त्या माणसाचं नाव आमच्या घरात देवासारखं घेतलं जाई. श्रीराम भिकाजी वेलणकर. संस्कृतचे कवी, आणि केंद्राच्या दळणवळण खात्यात मोठे अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला, तो त्यांच्या डोक्यातून निघालेला. सहा आकडे. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन थेट त्या टपाल कार्यालयाचे. नऊ विभागांपैकी आठ भूगोलाचे आणि नववा सैन्यासाठी राखलेला. चारने सुरू झालं की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश. आता छत्तीसगडही. ४०० मुंबई, ४०३ गोवा, ४११ पुणे, ४१६ आम्ही.

अण्णा म्हणायचे, वेलणकरांनी सॉर्टरच्या मनातली शंका काढून टाकली. मला लहानपणी हे कळत नसे. कवी असलेल्या माणसाला आकड्यांत पत्ता बांधावासा वाटला, याचं मला आज फार अप्रूप वाटतं. छंदात अक्षरं मोजायची सवय असलेला माणूस होता तो. सहा जागांत देश बसवणं त्याला परकं वाटलं नसेल.

तर अशा घरात मला सामान्य ज्ञानाचं वेड लागलं. शिष्यवृत्तीच्या परीक्षेच्या निमित्ताने अण्णांनी मला एक दोनशे पानी वही आणून दिली. मध्ये उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'वाटतं', उजवीकडे 'नक्की'. नवीन काही वाचलं, ऐकलं की आधी डावीकडे जायचं. पुस्तकात, शब्दकोशात, किंवा ज्याला खरंच ठाऊक आहे अशा माणसाकडून पडताळून झालं की मगच उजवीकडे. उजव्या रकान्यातली पहिली ओळ अण्णांच्याच हातची आहे: 'हयात असताना ज्यांचं चित्र भारताच्या टपाल तिकिटावर आलं असे पहिले भारतीय – धोंडो केशव कर्वे, १९५८.' कर्व्यांना तेव्हा शंभर वर्षं पूर्ण होत होती. ते तिकीट अण्णांनी कुणाकडून तरी मिळवून वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लावून दिलं. अजून आहे.

ती वही आता चाळली तर डावीकडचा रकाना जास्त वाचनीय आहे. 'चंद्रावरून चीनची भिंत दिसते' हे बरीच वर्षं तिथे पडून होतं, मग त्यावर काट बसली. 'हॉकी हा आपला राष्ट्रीय खेळ' हे तर मी थेट उजवीकडे लिहिलं होतं. शाळेच्या पुस्तकातच होतं, मग शंका कशाला घ्यायची? पुढे २०१२ मध्ये माहितीच्या अधिकारात विचारलेल्या प्रश्नाला सरकारने उत्तर दिलं की कुठलाही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून अधिकृतपणे घोषित केलेला नाही. मी चाळिशीला आलेली बाई, पण ती बातमी वाचून आधी जुनी वही काढली आणि खोडलं. ग्रहांची संख्या २००६ मध्ये नऊवरून आठ केली. जिल्ह्यांची तर सारखीच. महाराष्ट्र झाला तेव्हा २६, आता ३६. शेवटचा पालघर, १ ऑगस्ट २०१४. 'नक्की'लासुद्धा तारीख लागते, हे मला त्या वहीने शिकवलं.

प्रश्नमंजूषेची पहिली गोडी दूरदर्शनने लावली. १९८५ मध्ये सिद्धार्थ बसूंचं 'क्विझ टाइम' सुरू झालं तेव्हा आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारच्या काकूंकडे सतरंजीवर बसून बघायचो. सगळं इंग्रजीत. मी मराठी शाळेतली. प्रश्न कळेपर्यंत उत्तर देऊन झालेलं असायचं. कॉलेजातली ती मुलं किती सहज बोलायची! त्यांना माहीत असलेल्या बऱ्याच गोष्टी मलाही माहीत होत्या, पण माझ्या गोष्टी मराठीत होत्या. ही सल मला बरीच वर्षं होती. ज्ञान आपल्याकडे आहे आणि दार दुसऱ्या भाषेत उघडतंय, असं काहीसं.

ते दार ३ जुलै २००० रोजी उघडलं. 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं, त्याच्या मागेही सिद्धार्थ बसूच होते. त्या दिवसांत रात्री नऊ वाजता आमच्या गल्लीत चिटपाखरू नसायचं. प्रत्येक घरातून अमिताभ बच्चन यांचा तोच आवाज. प्रश्न हिंदीत, पर्याय समोर लिहिलेले, घाई नाही. माणूस विचार करताना दिसायचा, हे मला सगळ्यात आवडलं. त्याआधीच्या प्रश्नमंजूषांत उत्तर येतंय की नाही एवढंच दिसे. इथे शंका दिसायची. कपाळावर, बोटांत, घोटभर पाणी पिण्यात.

आणि मग ऑक्टोबरात मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला. सत्तावीस वर्षांचा, नागरी सेवा परीक्षेचा अभ्यास करणारा. शेवटचा प्रश्न असा होता: संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटना यांपैकी कोणाला देते? उत्तर, महान्यायवादी. घटनेचं ८८ वं कलम. महान्यायवादी सभागृहात बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. आमच्या घरात त्या रात्री टाळ्या वाजल्या त्या एक कोटीसाठी वाजल्याच, पण अण्णा दुसऱ्या दिवशी म्हणाले ते मी विसरले नाही. "पोरगा अभ्यास करत होता दुसऱ्याच परीक्षेचा. तो अभ्यास इथं कामाला आला. चांगला अभ्यास वाया जात नाही, पत्ता बदलून का होईना पोचतो."

मी स्वतः जायला अजून बारा-तेरा वर्षं लागली. मराठीत तसा कार्यक्रम आला, फोनवरच्या प्रश्नांची उत्तरं दिली, मग लेखी चाचणी, मग मुलाखत. निवड झाल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत सातवीच्या वर्गावर होते.

चित्रीकरणाबद्दल थोडंच सांगते, कारण त्याबद्दल सगळे सांगतात. स्टुडिओ फार गार असतो. बारीक रेघांची, बारीक चौकड्यांची साडी चालत नाही, कॅमेऱ्यात ती थरथरल्यासारखी दिसते. खुर्ची उंच असते आणि माझे पाय खाली टेकत नव्हते. फास्टेस्ट फिंगरला दिवाळीचे दिवस क्रमाने लावायचे होते, वसुबारसपासून भाऊबीजेपर्यंत. ते कुठल्याही मराठी बाईला झोपेत येईल. माझं बोट इतरांच्या आधी पोचलं, इतकंच.

खुर्चीत बसल्यावर जे घडतं त्याबद्दल मात्र लिहायलाच हवं. घरी सोफ्यावर बसून प्रश्न ऐकला की मन उत्तर शोधायला आत जातं. तिथे चार पर्याय समोर झळकतात आणि मन आत जायच्याऐवजी बाहेरच थांबतं. प्रत्येक पर्याय ओळखीचा वाटायला लागतो. आठवणं वेगळं आणि ओळख पटणं वेगळं. चार ओळखीच्या चेहऱ्यांतून आपला माणूस निवडायचा असतो, आणि प्रत्येक चेहरा 'अहो, मीच की' असं म्हणत असतो. जे खरोखर नक्की असतं ते मात्र पर्याय दिसायच्या आधीच ओठांवर आलेलं असतं. म्हणून मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली. पडद्याकडे न बघता सूत्रसंचालकांच्या तोंडून प्रश्न ऐकायचा, पर्याय यायच्या आत उत्तर आलं तर नक्की, नाही आलं तर वाटतंय. पहिले सात प्रश्न असे गेले. आठव्याला, एका मालिकेच्या प्रश्नाला, प्रेक्षकांचा कौल घेतला. अकराव्यापर्यंत आले. सहा लाख चाळीस हजार.

बारावा प्रश्न. १८ फेब्रुवारी १९११ रोजी जगातलं पहिलं अधिकृत विमानटपाल अलाहाबादहून नैनीला नेण्यात आलं. त्या विमानाने कोणती नदी ओलांडली? गंगा, यमुना, गोमती, शोण.

टपालाचा प्रश्न! माझ्या अंगावर काटा आला. ही गोष्ट माझ्या उजव्या रकान्यात होती. अलाहाबादला प्रदर्शन भरलेलं, आंरी पेके नावाचा तेवीस वर्षांचा फ्रेंच वैमानिक, साधंसुधं दुपंखी विमान, सुमारे साडेसहा हजार पत्रं, आणि नैनीपर्यंत दहाएक किलोमीटरचं उड्डाण. एवढ्याशा अंतरासाठी विमान! पण तिथून जगाचं हवाई टपाल सुरू झालं. हे सगळं मला अण्णांनी सांगितलेलं, मी लिहून घेतलेलं, पडताळलेलं. फक्त नदी त्यात नव्हती. अलाहाबाद म्हटलं की संगम, आणि संगम म्हटलं की दोन्ही नद्या. नैनी कुठल्या काठाला?

फिफ्टी-फिफ्टी घेतलं. गोमती आणि शोण गेल्या. गंगा आणि यमुना उरल्या. माझी शंका होती तशीच समोर उभी राहिली.

मग अण्णांना फोन लावला. तीस सेकंद.

"अण्णा, मी बोलतेय. १९११, अलाहाबाद ते नैनी, विमानानं टपाल. मधली नदी कुठली? गंगा की यमुना?"

"अठरा फेब्रुवारी," अण्णा म्हणाले. आवाज अगदी शांत. "पेके. साडेसहा हजार पत्रं."

"नदी, अण्णा."

पलीकडे आमच्या घरातला छताचा पंखा ऐकू येत होता. त्याची कडी सैल आहे, फिरताना टक टक होते. मी ती टकटक मोजत होते असं मला आज वाटतं.

"नदी मला नक्की ठाऊक नाही."

"वाटतं काय तुम्हाला?"

"वाटतं ते सांगत नाही, बाळ. तुझे पैसे आहेत ते."

आणि वेळ संपली. प्रेक्षकांत कुणीतरी हळहळलं. सूत्रसंचालकांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं. त्यांना वाटलं असावं, बापाने लेकीला ऐनवेळी एकटं सोडलं.

मला त्या क्षणी अण्णा माझ्या शेजारी उभे आहेत असं वाटलं. पाय जरा फाकवून, डाव्या हातात चळत घेऊन, आणि हातातलं एक पत्र उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात ठेवताना. चुकीचं उत्तर दिलं असतं तर मी तीन लाख वीस हजारांवर आले असते. तो हिशेब मी केला, पण निर्णय त्याने झाला नाही. माझ्याकडे नव्हतं ते माझ्याकडे आहे असं सगळ्यांसमोर म्हणायचं माझ्या जिभेवर येईना.

"सोडताय? नक्की?"

"नक्की," मी म्हणाले.

पुढचं सांगितलंच आहे.

अमेरिकेत याच धर्तीच्या खेळात जॉन कार्पेंटर नावाचा एक स्पर्धक नोव्हेंबर १९९९ मध्ये पहिला दशलक्षाधीश झाला. शेवटच्या प्रश्नाला त्याने वडिलांना फोन लावला आणि सांगितलं की मला मदत नको आहे, मी जिंकणार आहे एवढं सांगायला फोन केलाय. लोकांना तो क्षण फार आवडतो, मलाही आवडतो. पण त्यातला आत्मविश्वास लोकांना दिसतो, मला त्याच्या आधीची गोष्ट दिसते. त्याला नक्की माहीत होतं आणि नक्की माहीत आहे हेही माहीत होतं. म्हणून तो फोन शोभला. आमच्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी २०१९ मध्ये शाळेतल्या पोरांसाठी खिचडी शिजवता शिजवता केलेल्या वाचनावर एक कोटी जिंकले आणि सात कोटींच्या प्रश्नाला खेळ सोडला. टीव्हीसमोर बसून मी त्या सोडण्याला उभं राहून टाळ्या वाजवल्या. घरच्यांना कळेना, ही एक कोटीला वाजवली नाही एवढी आता का वाजवतेय.

तर्काला माझा विरोध नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. चांगला प्रश्न निम्मा माहितीवर आणि निम्मा तर्कावर सुटतो, त्यासारखा आनंद नाही. अंदाज आणि तर्क यांत मात्र फरक आहे. मी परत आले त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. जुना रेल्वेचा नकाशा पुढ्यात घेऊन बसले होते. अकराच्या सुमारास मला उठवलं. "हे बघ. मुंबईहून जबलपूरमार्गे जाणारी गाडी आधी नैनीला येते, मग पूल ओलांडून अलाहाबादला. म्हणजे नैनी शहराच्या दक्षिणेला. यमुना पश्चिमेकडून येते ती शहराच्या दक्षिण अंगानं. गंगा उत्तरेकडून वळसा घालते. दक्षिणेकडून येणाऱ्याला आडवी येणार ती यमुनाच. मला हे तीस सेकंदांत सुचलं नाही. सुचायला हवं होतं. आयुष्य गाड्यांत गेलं माझं."

साडेबारा लाख गेले याचं त्यांना काही नव्हतं. रीतसर विचार करून पोचता येण्याजोग्या गावाला आपण पोचलो नाही, याची खंत होती. मी म्हटलं, अण्णा, मलाही नाही सुचलं, आणि भूगोल मीच शिकवते. मग आम्ही दोघांनी त्या नकाशावर बोट फिरवत मिरजेपासून अलाहाबादपर्यंतचा सगळा मार्ग काढला. आईने चहा करून दिला. बक्षिसाच्या रकमेतून तीस टक्के कर आणि वर उपकर जाऊन जे साधारण चार लाख चाळीस हजार हाती आले, त्यात घराचा गळका स्लॅब नीट झाला. त्या रात्री मात्र पैशाचं नाव कुणी काढलं नाही.

तेव्हापासून मी माझ्या वर्गात एक पद्धत सुरू केली. चाचणीत उत्तरापुढे मुलांनी चौकटीत 'न' किंवा 'वा' लिहायचं. नक्की, किंवा वाटतंय. गुण उत्तराला मिळतातच, पण 'वा' लिहून चुकलं तर मी काही बोलत नाही, आणि 'न' लिहून चुकलं तर आम्ही दोघं बसून शोधतो की हे 'नक्की' आलं कुठून. कुणाच्या काकांकडून, कुठल्या मोबाइलवरच्या निरोपातून, कधी चक्क माझ्याच तोंडून. मुलं याला फार चटकन सरावतात. मोठ्या माणसांना जड जातं.

एका मुलीने 'सूर्य कोणत्या दिशेला उगवतो?' यापुढे 'पूर्व' लिहून 'वा' टाकलं. सगळा वर्ग हसला. मी विचारलं, "का गं?" ती म्हणाली, "बाई, दिवाळीत तो शाळेमागच्या लिंबाच्या उजवीकडनं येत होता. आता उन्हाळ्यात डावीकडनं येतो. मग पूर्व नेमकी कुठली?" नेमक्या पूर्वेला सूर्य वर्षातून दोनदाच उगवतो, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. एरवी हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकलेला, उन्हाळ्यात उत्तरेकडे. हे मी बी.एड.ला शिकले होते आणि शिकवायला विसरले होते. त्या 'वा'साठी तिला मी वहीत शेरा दिला. मग सगळ्या वर्गाला घेऊन सकाळी सहाला त्या कडुलिंबाखाली उभी राहिले. मुलांनी भिंतीवर खडूने खुणा केल्या, जूनपर्यंत दर सोमवारी. त्यांतल्या चार खुणा अजून पुसलेल्या नाहीत.

गेल्या डिसेंबरात मला प्रयागराजला जायचा योग आला. बरोबरच्या बायका संगमावर स्नानाला गेल्या, मी रिक्षा करून नैनीच्या जुन्या पुलावर गेले. १८६५ चा लोखंडी पूल आहे तो, दुमजली. वरून रेल्वे जाते, खालून रस्ता. मी खालच्या रस्त्याने चालत निम्म्यापर्यंत गेले. डोक्यावरून मालगाडी गेली तेव्हा सगळा पूल दातांत घुमला. खाली संथ, गडद हिरवट पाणी होतं. थोडं पुढे, जिथे संगम आहे तिकडे, मातकट पट्टा दिसत होता, तो गंगेचा. एकशे चौदा वर्षांपूर्वी याच पाण्यावरून साडेसहा हजार पत्रं गेली. एखाद्या पत्रात कुणी काय लिहिलं असेल?

परत येताना टपाल कार्यालय शोधलं आणि पन्नास पैशांचं पोस्टकार्ड घेतलं. काउंटरवरच्या माणसाला एकच कार्ड मागणारी बाई बहुधा बऱ्याच दिवसांनी भेटली असावी. उभ्याने लिहिलं. 'अण्णा, पुलावर उभी राहून आले. यमुना. नक्की.' पत्ता लिहिला. पिनकोड मुद्दाम सुवाच्य, सहाही चौकटी भरून: ४१६४१०.

कार्ड माझ्यानंतर घरी पोचलं. अण्णा आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, डोळ्याला भिंग लावून वाचतात. पोस्टमनने कार्ड हातात दिलं तशी त्यांनी मजकुराची बाजू पाहिलीच नाही. आधी पत्त्याची बाजू उजेडात धरली, दोन्ही शिक्के भिंगाखाली नीट बघितले, बोटांवर दिवस मोजले.

"सहा दिवस," ते म्हणाले. "कुठंही चुकलेलं नाही."

मग कार्ड उलटलं.